रुपयाएवढी तसबीर

हुबळीच्या केशवापूर भागातील एक मध्यम स्थितीचे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. अशी घरे तेथे पुष्कळ आहेत. तेव्हा नेमके कोणाचे, हे विचारण्याचे कारण नाही. थोरला मुलगा रेल्वेच्या कारखान्यात, सून घर सांभाळणारी, नातू महाविद्यालयात, नात धारवाडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि या सर्वांच्या वर आजी. एक आत्या बेळगावला दिलेली, एक काका पुण्यात स्थायिक झालेले. पूर्वी अशा विखुरलेल्या कुटुंबाला पोस्टकार्ड बांधून ठेवीत असे. हल्ली ते काम फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप करते. सकाळी सहा-सातपासून तेथे निरोपांची ये-जा सुरू होते, आणि प्रत्येक निरोपाच्या शेजारी, रुपयाच्या नाण्याहूनही लहान अशी एक गोल तसबीर उमटते. तिला लहानथोर सारेच 'डीपी' म्हणतात. ज्याने त्याने आपल्या हाताने निवडलेले ते आपले ओळखचित्र.

या घरातली ओळखचित्रे पाहण्याजोगी आहेत. नातवाने मोटारसायकलला टेकून काढलेले छायाचित्र लावले आहे. मोटारसायकल मित्राची आहे, ही गोष्ट चित्रात दिसत नाही. त्यापूर्वी काही महिने तो हुबळी स्थानकाच्या नव्या फलाटावर उभा होता. १,५०७ मीटर लांबीचा हा फलाट जगात सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये खुला झाला, आणि गावच्या तरुणांना पाठीमागे घेण्यासाठी एक नवी पार्श्वभूमी मिळाली. मुलाच्या वर्तुळात सिद्धारूढ स्वामी आहेत. सुनेच्या वर्तुळात दोन्ही मुले आहेत, ती स्वतः नाही. आत्याबाईंनी जास्वंदीचे फूल लावले आहे. आणि आजींच्या नावापुढे दिसतात ते आजोबा: काळी टोपी, गळाबंद कोट, किंचित रागावल्यासारखी मुद्रा. आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यामुळे आजींनी दुपारी 'जेवलात का रे सगळे?' असे विचारले की, तो प्रश्न आजोबांच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. नातवाला प्रथम याचे हसू येई. अलीकडे येत नाही.

वाद झाला तो नातीच्या चित्रावरून. तिने आपला चेहरा काढून टाकला आणि त्या जागी एका पाटीचे चित्र लावले. पाटीवर खडूने एक मराठीतला 'अ' काढला आहे आणि त्याच्या शेजारी कन्नडमधला 'अ'. आत्याबाईंनी बेळगावहून लगेच विचारले, "हे काय गं? तोंड लपवायला काय झालं तुला? चार ठिकाणी तुझा नंबर दिलाय मी. पाटीला कोण पसंत करणार?" नातीने उत्तर दिले नाही. पण कारण होते, आणि ते आईला ठाऊक होते. चुलतभावाच्या लग्नातले तिचे एक छायाचित्र कोणीतरी उचलले, तिच्याच नावाने एक खोटे खाते उघडले, आणि त्या खात्यावरून तिच्या शाळेतल्या पालकांना नको ते निरोप गेले. तक्रार झाली, खाते बंद झाले. तरी पुढे कितीतरी दिवस शाळेच्या फाटकातून आत शिरताना ती कोणाच्याही नजरेला नजर देत नसे.

वरवर पाहता ही एका घरातली क्षुल्लक कुरबूर आहे. परंतु तिच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे. माणसाने आपली ओळख म्हणून जगापुढे काय ठेवावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

स्वतःची तसबीर निवडून ती इतरांच्या हाती देण्याची हौस फोनने निर्माण केलेली नाही. पॅरिसमधील दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये एका युक्तीचे एकस्व घेतले. एकाच काचेवर अनेक लहान छबी घ्यावयाच्या, त्या कापून भेटकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर चिकटवावयाच्या. छबी स्वस्त झाली आणि लोक ती एकमेकांना वाटू लागले. आपल्याकडे ही आवड छायाचित्रांच्या दुकानांतून वाढली. रंगविलेला पडदा, त्यावर कमानी व कारंजे, बाजूला तिवई, तिवईवर फुलदाणी नाहीतर जाडजूड पुस्तक. कोट नसेल तर दुकानातलाच कोट अंगात घालावयास मिळे. ज्याने आयुष्यात इंग्रजी अक्षर वाचले नाही, तोही इंग्रजी पुस्तकावर हात ठेवून गंभीरपणे उभा राही. त्याला खोटे म्हणावे काय? तो जसा होता तसा तो त्या पडद्यापुढे उभा नव्हता हे खरे. पण जसा व्हावयाचा होता तसा उभा होता. मित्राच्या मोटारसायकलला टेकलेला नातू त्याच पडद्यापुढे उभा आहे.

चित्रातील वेष कधीकधी मोठ्या निर्धाराचा असतो. १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेले एक छायाचित्र फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातले आहे. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक जपानची केई ओकामी, आपल्या किमोनोत; एक सीरियाची साबात इस्लामबुली, आपल्या देशीच्या पोषाखात; आणि तिसरी आनंदीबाई जोशी, साडीत. सातासमुद्रापलीकडच्या थंडीत, जेथे परदेशी वेष अंगावर घेणेच सोयीचे झाले असते, तेथे या विशीतल्या मुलीने साडी सोडली नाही. मार्च १८८६ मध्ये तिला पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तिचे देहावसान झाले. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी ज्याने त्यातले काहीच वाचलेले नाही, त्यालाही ते एक छायाचित्र पाहून ती कोण होती हे कळते. आपण कशा दिसावे हे तिने ठरविले होते, कॅमेऱ्याने नव्हे.

मात्र आपण दिसूच नये, असेही एखादा ठरवू शकतो. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धारवाडातच असा एक मनुष्य कितीतरी वर्षे राहत होता. जी. ए. कुलकर्णी हे जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. १९५९ मध्ये 'निळा सावळा' आला, त्यानंतर 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'पिंगळावेळ'. मराठी कथेची जात बदलून टाकणारी ही पुस्तके ज्या गावी लिहिली गेली, त्या गावाच्या बाजारातून हा लेखक जात असेल तेव्हा शेजारून जाणाऱ्या किती जणांना ते कळत असेल! सभा नको, सत्कार नको, व्यासपीठ नको. छायाचित्राविषयी तर विशेष नावड. जी काही छायाचित्रे वाचकांना ठाऊक आहेत, त्यांत डोळ्यांवर काळा चष्मा. छायाचित्रात माणूस प्रथम डोळे पाहतो. तेथेच त्यांनी दार लावून घेतले होते. नावही पुरते सांगावयाचे नाही. गुरुनाथ आबाजी हे नाव बाजूला राहिले आणि दोन इंग्रजी अक्षरांनी हा माणूस मराठीच्या घराघरांत शिरला. पुराणकथांच्या आणि शापित नगरांच्या प्रदेशात वाचकाला घेऊन जाणाऱ्या लेखकाची ओळख रोमन लिपीतल्या दोन अक्षरांनी व्हावी, ही गोष्टही मोठी गमतीची आहे.

पण हा मनुष्य अबोल नव्हता, ही यातली खरी गोष्ट. तो पत्रे लिही. ती पुढे खंडांमागून खंड छापली गेली, आणि ज्यांनी ती वाचली त्यांना कळले की, चेहरा न दाखविणारा हा माणूस पत्रात किती मोकळा होई. आवडत्या पुस्तकांविषयी, चित्रांविषयी, बेळगावच्या जुन्या दिवसांविषयी किती भरभरून बोले. सुनीता देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार तर मराठीत प्रसिद्धच आहे. म्हणजे त्यांनी जगाकडे पाठ फिरविली होती असे नव्हे. कोणाला किती आत येऊ द्यावयाचे, हे त्यांनी आपल्या हाती ठेवले होते. रस्त्यावरच्या माणसाला काळा चष्मा. पुस्तकाच्या वाचकाला कथा. आणि ज्याच्यापाशी मन बसले त्याला आठ-आठ पानांचे पत्र. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यास ते वारले. आज ते असते आणि कोणी त्यांच्या हाती फोन दिला असता, तर त्यांच्या वर्तुळात काय दिसले असते याचा अंदाज करणे कठीण नाही. कंपनी जेथे चेहरा लावावयास सांगते, तेथे तिने स्वतःच काढून ठेवलेली ती करडी, डोळे-नाक नसलेली आकृती! आत्याबाईंनी त्यांनाही विचारले असते, तोंड लपवायला काय झाले म्हणून.

धारवाडच्याच साधनकेरीत राहणाऱ्या बेंद्रे यांनी याच्या उलट केले. घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. आणि काव्यावर नाव घातले ते 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. कुलनाम गळले, वडिलांचे नाव गळले, आई तेवढी राहिली. १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या वेळीही कन्नड वाचकांच्या ओठी हे नाव होते. आपल्या ओळखीतले काय पुढे ठेवावे हे त्यांनीही निवडलेच. फक्त तेथे लपविण्यापेक्षा ऋण सांगणे अधिक होते. नातीच्या पाटीवरचे दोन 'अ' पाहताना त्यांची आठवण होते ती यामुळेच. हुबळीत वाढलेल्या मराठी मुलीला घरात एक भाषा, वर्गात दुसरी, आणि बाजारात दोन्हींची मिसळ. तिचा चेहरा पाहून हे कोणाला कळले असते? पाटी पाहून कळते.

परंतु जी. ए. कुलकर्णींनी चेहरा दाखविला नाही तो स्वभावामुळे. असंख्य स्त्रिया तो दाखवीत नाहीत त्या भीतीमुळे. या दोहोंत फार अंतर आहे, आणि ते विसरून फुलांच्या चित्रांचे कौतुक करणे बरे नव्हे. आत्याबाईंची जास्वंद हौसेची असेल. पण हुबळीच्याच काय, देशातल्या कोणत्याही गावच्या फोनवर जास्वंदी, मोगरे, कमळे, मोरपिसे, देवादिकांच्या मूर्ती आणि तान्ही मुले यांची जी गर्दी दिसते, तिच्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे हे कोणाच्याही ध्यानी येईल. फेसबुक चालविणाऱ्या कंपनीलाही ते ध्यानी आले. भारतातल्या अनेक स्त्रिया आपला चेहरा लावीत नाहीत, कारण त्या चित्राचे पुढे काय होईल याची त्यांना धास्ती वाटते, असे तिला आढळले. जून २०१७ मध्ये तिने भारतात एक सोय सुरू केली. चित्राभोवती निळी कड आणि खाली एक ढालीचे चिन्ह. असे चित्र दुसऱ्याला सहज उतरवून घेता येऊ नये अशी योजना. अर्थात दुसऱ्या फोनने त्या फोनचेच छायाचित्र काढणाऱ्याला ती ढाल काय करणार! त्याच वर्षी ऑगस्टच्या २४ तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते पुट्टस्वामी कर्नाटकाच्याच उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

त्यानंतर चोरी अधिक सफाईची झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मूळच्या कोडगूच्या अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा यंत्राच्या साह्याने दुसऱ्याच स्त्रीच्या अंगावर बसविलेली चित्रफीत देशभर फिरली. ज्यांच्यामागे वकील, पोलीस आणि वर्तमानपत्रे उभी राहू शकतात, त्यांची ही गत. मग शाळेतल्या एका तरुण बाईंनी काय करावे? दुसऱ्याची सोंगे घेणारे तर नाण्याएवढ्या तसबिरीवरच पोट भरतात. मुख्याध्यापकांचे किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे छायाचित्र कोठूनतरी घ्यावयाचे, अनोळखी क्रमांकाला ते लावावयाचे, आणि 'मी बैठकीत आहे, ताबडतोब एवढी रक्कम पाठवा' असा निरोप धाडावयाचा. हाताखालची माणसे चित्र ओळखतात आणि क्रमांक पाहत नाहीत. संगणकाच्या साधनाने असे तोतयेपण करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. जितके लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

चेहरा काढून त्या जागी सर्वांनी एकच चित्र लावावे, असाही प्रसंग येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त २ तारखेपासून १५ तारखेपर्यंत आपल्या ओळखचित्रात तिरंगा लावावा, असे आवाहन पंतप्रधानांनी केले. केशवापूरच्या त्या घरातही ते पाळले गेले; आजोबासुद्धा दोन आठवडे तिरंग्याआड गेले. हुबळीकरांच्या दृष्टीने या प्रसंगाला आणखी एक बाजू होती. येथील बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचा कारखाना आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या या संघात राष्ट्रध्वज तयार होतो, आणि भारतीय मानक संस्थेचा शिक्का लाभलेले ध्वजाचे केंद्र म्हणून त्याची देशभर ख्याती आहे. कापड हातमागाचे, सूत हातचे. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, त्यात दोऱ्याचाही फरक चालत नाही. चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी नेमके एकमेकांवर आले पाहिजेत. शिवणकामाला बहुतेक स्त्रिया आहेत.

आणि ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. त्यामुळे ज्या पंधरवड्यात कोट्यवधी फोनांवर तिरंगा झळकला, त्याच पंधरवड्यात बेंगेरीच्या खादी ध्वजापुढे स्वस्त पॉलिएस्टरचा ध्वज येऊन उभा राहिला होता, आणि खादीच्या संस्था या दुरुस्तीविषयीची आपली नाराजी उघड बोलून दाखवीत होत्या. फोनवर तिरंगा लावण्यास दमडीही पडत नाही. बेंगेरीच्या ध्वजामागे कोणाची तरी दिवसाची मजुरी असते. मौज अशी की, फोनचे वर्तुळ गोल आणि ध्वज लांबट. वर्तुळात बसविताना त्याचे चारही कोपरे कापले जातात. बेंगेरीच्या तपासनीसाने तो ध्वज तत्काळ बाजूला काढला असता.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस कर्नाटक राज्योत्सव येतो. त्या दिवशी हुबळीत अनेकांच्या वर्तुळात लाल-पिवळा ध्वज दिसतो. २०१४ च्या त्याच तारखेस खुद्द शहरानेच आपले लिहिण्याचे नाव 'हुबळी' सोडून 'हुब्बळ्ळी' केले. बेळगावात मात्र सीमाप्रश्नामुळे पुष्कळ मराठी माणसे १९५६ पासून तो काळा दिवस म्हणून पाळीत आली आहेत. एकाच कुटुंबाच्या गटात त्या सकाळी नातवाचा लाल-पिवळा ध्वज आणि आत्याच्या यजमानांचा काळा गोल खालीवर आले, म्हणजे कोणीही काही न लिहिता पुष्कळ बोलून झालेले असते. त्या दिवशी आजी 'जेवलात का?' हा प्रश्न जरा लवकरच विचारतात.

शेवटी नातीच्या पाटीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आत्याबाईंनी विषय सोडला नव्हता. एका रविवारी त्यांनी पुन्हा लिहिले की, मुलाकडची मंडळी चांगली आहेत, निदान चार दिवस तरी साधा फोटो लावावा, मग पुन्हा पाटी लाव नाहीतर पेटी लाव. काकांनी पुण्याहून होकार भरला. सुनेने काहीतरी लिहावयास घेतले आणि पुसले. नात शाळेच्या वह्या तपासीत बसली होती. तिने फोन उलटा ठेवला. बराच वेळ गटात काही हालचाल नव्हती. मग आजींचा निरोप आला. त्यांना अक्षरे टिपावयास वेळ लागतो, आणि शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचे त्यांच्या ध्यानी राहत नाही. 'तिचंतीठरवेलकोणीविचारूनये.' शेजारी काळी टोपी, गळाबंद कोट आणि ती किंचित रागावलेली मुद्रा.

आत्याबाईंनी तो निरोप वाचला असल्याची निळी खूण दिसली. थोड्या वेळाने त्यांनी लिहिले, "बरं बाबा."